रविवारचं पाणी

कुंभिवलीशी मोठा रस्ता सोडला आणि टेंपो नदीच्या अंगानं खाली निघाला, तशी मी काच खाली केली. आधी रसायनीच्या कारखान्यांचा वास आला, डोळ्यांत बोचणारा. तो मागं पडेपर्यंत वाट पाहिली. मग तो आला. ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलाचा, तिवराच्या कुजक्या पानांचा, ओल्या मिठाचा वास. घशाच्या मागच्या बाजूला जाऊन बसणारा.

"काका, काच लावा. घान मारतंय," टेंपो चालवणारा दत्ता म्हणाला. दत्ता म्हणजे माझ्या गोमाआत्याचा नातू.

"राहू दे रे. हाच वास घ्यायला आलोय."

"तुमी पन ना!" तो हसला आणि त्यानं आपल्या बाजूची काच लावून घेतली.

कॉलेजात असताना मी मित्रांना सांगायचो, की आमचं शेत समुद्रानं खाल्लं, तेव्हा ते नकाशा काढून बसायचे. खालापुराकडचा तू, तुझ्याकडं समुद्र कुठला? डोंगर आहेत, घाट आहे, करवंदाच्या जाळ्या आहेत. त्यांचंही चुकत नव्हतं. पण समुद्राला नकाशा ठाऊक नसतो. पाताळगंगेच्या तोंडातून तो दिवसातून दोनदा आत शिरायचा, खाडीखाडीनं वर चढायचा आणि अगदी आमच्या गावापाशी येऊन दमायचा. त्याच्यापुढं गोडी नदी, अलीकडं खारी. मध्ये आम्ही, आणि आमच्या पुढ्यात तो मातीचा बांध.

बांध पुरुषभर उंच होता. त्यात दगड नव्हता, चुना नव्हता. नुसता चिखल, भाताचा पेंढा आणि तिवराच्या फांद्या. बाहेर खाडी, आत आमची लाल भाताची खाचरं आणि त्यांच्या वरच्या टोकाला गावाचं पिण्याचं तळं. बांध साऱ्या गावाचा, पण प्रत्येक घराला त्याचा तुकडा वाटून दिलेला असे. बांबूच्या काठीनं मोजून. आमचा तुकडा सात काठ्यांचा, एका वाकड्या तिवरापासून शेंदूर लावलेल्या दगडापर्यंत. त्यातली चिंबोऱ्यांची बिळं माघात बुजवायची, खचलेला माथा भरायचा, ही घरची कामं. आणि बांध फुटून खांड पडलीच, तर ज्याच्या तुकड्यात पडली त्या घरच्या माणसानं बुजवणीच्या वेळी शेवटच्या फटीत उभं राहायचं. याला 'तोंडात उभं राहणं' म्हणत. बाकीचे दोन्ही अंगांनी चिखल टाकत यायचे, आणि तोंडातल्या माणसानं तो पायांनी तुडवत, अंगानं दाबत, बांधाचे दोन जबडे मिटेपर्यंत हलायचं नाही. त्यानं आधी बाहेर यायचं नाही, हा नियम. आला, तर पुन्हा त्याला तोंडात उभं करत नसत.

त्या बांधावरचे ऋतू मला अजून वासांनी आठवतात. श्रावणात उघाडीच्या, म्हणजे आतलं पाणी बाहेर सोडण्याच्या दाराच्या, भिजलेल्या लाकडाचा वास. त्या दारातून ओहोटीला पाणी सुटलं की लाकूड घुमायचं, आणि आई म्हणायची, बांध जेवला. आश्विनात लाल भात फुलला की दुपारी हवेला ताकासारखा आंबूस वास. कापणीनंतर तळ्याच्या चरात अडकलेला जिताडा मासा धरायची झुंबड, हातांना दोन दिवस त्याची वशट लागलेली. आणि चैत्रात, मीठ चढलंय का ते बघायला, आई शेतात वाकून मातीचा कण जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि मान हलवायची. तिची मान कुठल्या बाजूला हलते, ते पाहायला आम्ही श्वास धरून उभे असायचो.

घाटाखाली खोपोलीला वीजघर झालं, तेव्हापासून नदीची रीत बदलली. डोंगरावरच्या तळ्यांचं पाणी नळांतून खाली यायचं, चाकं फिरवायचं आणि नदीत पडायचं. वैशाखातही नदी वाहू लागली. बायका खूश. पण सकाळी वर सोडलेलं पाणी दुपार कलता कलता आमच्यापाशी पोचायचं, आणि बांधाची वरची बाजू कापायचं. बांधाच्या कामाचा सगळा हिशेब तिथीवर चालायचा. पुनवेला-अवसेला उधाण, समुद्र फुगलेला. अष्टमीपासून दशमीपर्यंत भांग, म्हणजे भरती मवाळ. खांड बुजवायची ती भांगातच. वार कुणी विचारत नसे.

वार मी आणला. मी तेव्हा खालापूरच्या शाळेत होतो. शनिवारी दुपारी घरी यायचो, सोमवारी पहाटे परत. घरी असलो की आईबरोबर नदीवर जायचो. रविवारी दुपारी धुण्याचे खडक कोरडे असायचे. बाकीच्या दिवशी बुडलेले. मुंबईच्या गिरण्यांना रविवारी सुट्टी, म्हणून वीज कमी लागते, म्हणून पाणी कमी सुटतं, हे मला पुढं गुरुजींनी समजावलं. मी ते बाला सांगितलं, आणि बानं देवळापुढं सगळ्यांना.

मचव्यातून कौलं आणि चुना घेऊन खाडीनं वर येणारा इब्राहीमनाखवा तिथं बसला होता. भरती-ओहोटी त्याच्याइतकी कुणाला कळत नव्हती. तो मोठ्यानं हसला. "नदीला पन सुट्टी? आन आमाला नाय?"

पण दुसऱ्या रविवारी तो स्वतः खडक पाहून आला. तेव्हापासून भांगातला रविवार धरून काम करायची पद्धत पडली. लोक मला 'वारवाला मास्तर' म्हणायला लागले. मी अकरा वर्षांचा होतो. ते नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, की बा पागोटं सारखं करायचा.

त्यानंतरची सहा वर्षं मी सोडून देतो. कर्जतला राहून इंग्रजी शिकलो, मॅट्रिकला बसलो, आणि शिमग्याला घरी आलो.

धुळवडीची दुपार. मैदानात होळीची राख अजून ऊन होती, भाजल्या नारळाचा वास दरवळत होता, आणि पोरं, बाप्ये, सगळे तोंडावर हात मारून बोंबा ठोकत होते. बांधाच्या बाजूनं एक बोंब आली. आमच्यातल्यांनी दुप्पट जोरानं उत्तर दिलं. पुन्हा तिकडून आली, पुन्हा आम्ही दिली. मीही दिली. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. मग गोमाआत्या मैदानात धावत आली. ही बाची बहीण, नवरा गेल्यावर आमच्याकडंच राहिलेली. कमरेपर्यंत चिखल, केस सुटलेले.

"मुडद्यांनो!" ती ओरडली. "मी तिथं ऊर फुटंस्तवर बोंबलत्येय, बांद गेला, बांद गेला, आन तुमी मलाच उलटी बोंब मारताय!"

शिमग्याच्या उधाणानं खांड पाडली होती. वाकडा तिवर आणि शेंदरी दगड यांच्या मध्ये. कुठल्या बिळातून पाणी शिरलं, माघात ते बीळ कुणी बुजवायचं होतं आणि तो त्या दिवशी बांधावर बसून काय वाचत होता, ते मी इथं लिहीत नाही. बाला ते माहीत होतं. त्यानं कधी विचारलं नाही.

पुढचे नऊ दिवस समुद्र दिवसातून दोनदा आमच्या खाचरांत येऊन जात होता. सकाळी उठलं की अंगणातून पाणी चमकताना दिसे, आणि ते सुंदर दिसे, याचाच राग येई. तळ्याला आपला एक छोटा बांध होता, गुडघाभर. पाणी त्याच्या पायाशी येऊन थांबत होतं. अवसेच्या उधाणाआधी खांड मिटली नाही, तर तळं खारं होणार होतं. मग गाव तिथं राहणारच नव्हतं. आणि खाचरांत मीठ मुरलं, तर तीन वर्षं भाताचं नाव नको.

वद्य दशमीला रविवार होता. भांग आणि रविवार, दोन्ही एकत्र. लोक म्हणाले, देवानंच दिवस काढून ठेवलाय. बानं सगळ्यांसमोर मला विचारलं, "रविवारच ना रं?" मी म्हणालो, "रविवारच."

ठाकूरवाडीतून लहानू आपली वीस-पंचवीस माणसं घेऊन उतरला होता. कुदळीनं कापलेले चिखलाचे गोळे हातोहात चालले होते. माणसांच्या दोन रांगा, मध्ये ओल्या मातीचा चपचप आवाज. बाहेर नाखव्यानं मचवा लावला होता, आणि खाचा पाडलेल्या बांबूवर तो पाणी मोजत होता. ओहोटीला त्याच्याकडं सुकती म्हणत. "सुकती... बोटभर गेलं... अजून बोटभर..." बा तोंडात उभा. आधी मांड्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत पाणी. जबडे जवळ येत होते. चार हात. तीन हात. मी रांगेत दुसरा होतो. माझ्या हातातला गोळा आत्याच्या हातात, तिच्याकडून बाच्या पायाशी.

मग नाखव्याचा आवाज थांबला.

"काय रं इब्राहीम? झोपलास?" बानं तोंडातूनच विचारलं.

"राघ्या," नाखवा म्हणाला, "सुकती सराया अजून घटका हाय. पन पानी चढतंय."

"येडा झालास."

"खाचा बग की."

बानं ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं. गालात घोळवलं. मग गिळलं. ते गिळलेलं मी पाहिलं.

"गोडं हाय," तो म्हणाला.

रांग थांबली. गोमाआत्या मागं वळली. "आज रविवार ना रं?"

"हो."

"मंग ह्ये नदीचं पानी आलं कुठनं?"

मला त्याच क्षणी आठवलं. किसन. आमच्या आळीतला, मुंबईच्या गिरणीत लागलेला. शिमग्याला आला होता. धुळवडीला गिरण्यांनी सुट्टी दिली, ती पुढच्या एका रविवारी भरून घेणार, असं तो म्हणाला होता. "दशमीचा रविवार गेला आमचा," असंसुद्धा म्हणाला. त्याचं गाठोडं रस्त्यापर्यंत मीच उचलून नेलं होतं. मी ऐकलं होतं. आणि त्या ऐकलेल्याचा आमच्या नदीशी काही संबंध आहे, हे सगळ्या गावात ज्या एकट्याला कळायला हवं होतं, त्याला कळलं नव्हतं.

"असंल कायतरी चुकार पानी," बा म्हणाला. "आलं तसं जाईल. रविवार हाय. टाका, टाका चिखोल!"

आणि मी गप्प राहिलो. लाज वाटते, पण लिहितो. किती वेळ, ते सांगता येत नाही. माझ्या हातातून गोळे पुढं जात होते, आणि बाच्या पायाशी पडल्याबरोबर साखरेसारखे विरघळत होते. पाणी त्याच्या कमरेला आलं. लहानू म्हणाला, "दादा, निग." बा म्हणाला, "रविवार हाय रं!" पाणी छातीला आलं. जबड्यांची माती चकत्या चकत्यांनी सुटू लागली. तो माझ्या शब्दावर उभा होता. त्याच्या पायाखाली दुसरं काही उरलंच नव्हतं.

"बा!" मी ओरडलो. "भायेर ये! आज गिरन्या चालू हायेत. ह्ये पानी सांजपातूर थांबायचं नाय!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुला कुनी सांगितलं?"

"किसननं."

"कवा?"

"शुक्रवारी. धुळवडीला."

"शुक्रवारी," बा म्हणाला. इतकंच. मग त्यानं नाखव्यानं पुढं केलेला दोर धरला आणि तो तोंडातून बाहेर आला. आमच्या घरचा माणूस पहिल्यांदाच जबडे न मिटता बाहेर आला. तो मचव्याच्या कडेला लागला न लागला, तोच दोन्ही जबडे बसले. मोठा आवाज झाला नाही. म्हैस पाण्यात बसते, तसा झाला. खांड सकाळी होती त्याच्या दुप्पट झाली, आणि घटकाभरानं त्या गोड्या पाण्यामागून खारं पाणी आत आलं.

मला कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. दोन दिवस घरात फक्त भाकरी थापल्याचा आवाज. अवसेच्या उधाणाला तळं वाचलं ते बायांमुळं. गोमाआत्यानं सगळ्यांना घराबाहेर काढलं आणि पदर खोचून तळ्याचा बांध हातांनी कमरेइतका चढवला. पाणी चार बोटं खाली राहिलं. खाचरं मात्र गेली ती गेलीच.

अवसेनंतर बा अंगणात दाव्याला पीळ देत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "त्या वीजघरात पानी सोडायचं कोन ठरवतं रं?"

"माहीत नाही."

"मंग इचारून ये."

पुढच्या भांगात पुन्हा रविवार येत होता. आदल्या दिवशी पहाटे मी निघालो. वाटेवर पळस झडत होता, पाय लाल पाकळ्यांवर पडत होते. खोपोलीला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. फाटकाच्या आतून जमिनीतून येत असल्यासारखी घरघर ऐकू येत होती. फाटकावरचा रखवालदार घाटावरचा होता.

"काय पायजे?"

"उद्या नदीत पाणी किती सुटणार, ते विचारायचंय."

"का? इकत घ्याची हाय व्हय नदी?"

मी सगळं सांगितलं. खांड, दशमी, किसन, बा. तो हसायचा थांबला. आत जाऊन एका कारकुनाला घेऊन आला. कारकुनानं चष्मा कपाळावर चढवून मला न्याहाळलं आणि म्हणाला, "उद्या गिरण्या बंद आहेत. पाणी कमीच सुटेल. पण बाळ, लेखी काही देता येणार नाही."

"लेखी नको," मी म्हणालो. "तुम्ही सांगितलंत, पुष्कळ झालं." माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मोठ्या माणसांपुढं हात जोडले. त्या कारकुनापुढं जोडले तसे नाही.

संध्याकाळी देवळापुढं मी ते शब्दाला शब्द सांगितलं. कुणी मान हलवली नाही, कुणी नाहीही म्हणालं नाही. दुसरा प्रश्न निघाला. तोंडात कोण? बा सोडून आला होता, त्याला आता उभं करता येत नव्हतं.

"त्या घरात दुसरा बाप्या हाय की," गोमाआत्या म्हणाली. "चांगला पुस्तकं खाऊन ताडमाड वाढलाय."

"त्यो कालेजात जायाचा हाय," बा हळूच म्हणाला.

"मंग आदी हिकडं पास होऊ दे," नाखवा म्हणाला, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

जुन्या जागी आता तळ लागत नव्हता. पाण्यानं डोह खणला होता. म्हणून त्याला आतल्या अंगानं वळसा घालून अर्धचंद्रासारखा बांध घेतला. दुपारी मी तोंडात उतरलो. चिखल थंड होता. पायांच्या बोटांमधून वर येत होता. चिखलात सरपटणारी एखादी निवटी मासळी पिंढरीला घासून गेली की अंगावर काटा यायचा. चिखलाचे गोळे मांडीवर, पोटावर आपटत होते, आणि ते टाकणारा बा होता. रांगेत सगळ्यात पुढं, आत्याच्या जागी. तो माझ्या तोंडाकडं बघत नव्हता, पाण्याकडं बघत होता. नाखवा मोजत होता. "सुकती... बोटभर..." दोन हात राहिले. सूर्य तिथंच आला, जिथं मागच्या वेळी नाखव्याचा आवाज थांबला होता. तो आताही थांबला. बाच्या हातातला गोळा तसाच राहिला.

"बोटभर," नाखवा म्हणाला. "अजून बोटभर गेलं."

मग सगळे एकदम तुटून पडले. जबडे मिटले तेव्हा मी छातीपर्यंत बांधात होतो. पाय कुठं आहेत ते मला कळत नव्हतं. बानं काखेत हात घातले आणि ओढलं. मी हललो नाही. मला हुंदका फुटला, लहान पोरासारखा, सगळ्यांदेखत.

"पाय हालव," बा कानाशी म्हणाला. "आदी पाय हालव. रड मंग."

तीन वर्षं आमच्या खाचरांत फक्त पांढरं मीठ पिकलं. लहानूनं ठाकूरवाडीच्या उतारावर बाला नाचणीपुरती जागा करून दिली. माझ्या गुरुजींनी कुठं कुठं पत्रं लिहून फी माफ करून घेतली. मुंबईत पाय टेकायला जागा दिली ती त्याच किसननं, आपल्या खोलीत. मी पदवीधर झालो तो या सगळ्यांच्या वाट्याचं खाऊन. कुणी कधी ते बोलून दाखवलं नाही. चौथ्या वर्षी आईनं मातीचा कण जिभेवर ठेवला, तेव्हा मी तिथं नव्हतो. नंतर कळलं, तिची मान बरोबर बाजूला हलली.

आता तो बांध नाही. म्हणजे आहे, पण त्याच्यावर खडी आणि डांबर पडलंय, बाहेरच्या अंगाला दगड रचलेत. कुणाच्या घरचा किती काठ्या, हे आता कुणाला सांगता येत नाही. वाकडा तिवर नाही, शेंदरी दगड नाही. मी खिडकीतून बघत होतो आणि मला काहीच ओळखू येत नव्हतं. रस्ता नाकासमोर सरळ चालला होता. आणि मग, काही कारण नसताना, तो आत वळला. एका हिरव्या डोहाला वळसा घालून पुन्हा सरळ झालेला पुढं दिसत होता.

"हे बगा," दत्ता वैतागून म्हणाला. "सगला रस्ता सरल, आन हितंच मधी वाकडा. परतेक खेपेला गियर पाडायला लागतो. कुनी सायबानं आखलाय, त्याला डोलं व्हते का नाय देव जाने."

"साहेबानं नाही रे," मी म्हणालो. "इथं माझं चुकलं होतं."

दत्तानं माझ्याकडं पाहिलं. मी थट्टा करतोय का, ते त्याला ठरवता येईना. मग त्यानं गियर पाडला आणि टेंपो हळू, अगदी कडेकडेनं, वळवून घेतला.